कडी

सुरगाण्याच्या वरच्या पाड्यावरून आम्ही येतो
दिवाळी झाली की, पिकअपमध्ये उभ्यानं,
दिंडोरीच्या पुढं, कादवेच्या अंगाला, द्राक्षबागेत.
आधी विरळणी, मग डिपिंग, मग कागद.

कागद म्हणजे रद्दी.
थंडीनं मणी गुलाबी पडतात, माल कटतो,
म्हणून एकेका घडाला पेपर गुंडाळायचा,
वरून स्टेपलर मारायचा.
जितके घड तितके आडोसे.

आश्रमशाळेत आठवीपर्यंत होते, वाचता येतं मला.
गुंडाळता गुंडाळता वाचते:
सोन्याचा भाव, कुणाचं तरी वर्षश्राद्ध,
अमुक तालुका हागणदारीमुक्त,
हार घातलेले पाच जण.
घडाभोवती नीट बसले पाचही.

आम्ही बसतो ओढ्याला, घाणेरीच्या मागं,
तारे आहेत तोवर.
दिवसा पाणी प्यायचं नाही.
हे कुणी शिकवलं नाही. पहिल्या वर्षी
भर दुपारी तांब्या तोंडाला लावला,
तर आईनं तो नुसता काढून खाली ठेवला.

औषधाचा ब्लोअर पहाटेच निघतो.
उजेड आला की उठायचं, पदर तोंडावर,
गेला की पुन्हा बसायचं.
तोंड झाकलं की आपण कुणाच्याच कुणी नसतो,
असं भिवराकाकू म्हणायची.

शेडमागं निळा संडास आहे, फायबरचा.
त्याला कुलूप.
चावी देवचंद मुकादमाच्या करदोट्याला.
घाण दिसली तर माल बोटीवरून परत येतो म्हणे.

पाड्यावरही आमचा एक आहे.
दारावर आज्याचं नाव, खाली अनुदानाचा आकडा,
खड्डा हातभर खणून सोडलेला.
गेल्या पावसात तिथं शेळी व्याली.
दोन पिलं. दोन्ही जगली.

जानेवारीत कंपनीची मॅडम आली तपासणीला.
कुलूप निघालं. बादली आली.
साबणाची वडी आली, वेष्टनासकट.
देवचंदनं रात्रीच पढवलं होतं.
‘वापरता ना?’ मॅडमनं विचारलं.
हो म्हणालो आम्ही सोळा जणी, एका सुरात,
प्रार्थनेला म्हणायचो तसं.
काकू काही बोलली नाही.
हातातला स्टेपलर माझ्याकडं दिला,
चालत गेली, दार लोटलं,
आतून कडी घातली.

पाच मिनिटं झाली. दहा झाली.
मालकानं देवचंदकडं पाहिलं,
देवचंदनं माझ्याकडं,
मी रद्दीकडं.
आतून आवाज नाही, पाण्याचासुद्धा.
हाक तरी कोण मारणार?
बाईमाणूस आत आणि दार बंद,
अशा दारापुढं कसं उभं राहायचं
ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाहेर आली. हात धुतले.
मॅडमनं वहीत बरोबरची खूण केली.

रात्री चुलीपाशी विचारलं,
पोट बिघडलं होतं का गं?
‘नाही. झालं पण नाही काही.
नुसती बसले.
कडी दोन-तीनदा हलवून पाहिली.
कुणी येत नव्हतं.’

कुलूप परत लागलं.
साबण देवचंदनं घरी नेला.

पहाटे आम्ही ओढ्याला. गवत दहिवरानं ओलं.
बांधावरून ब्लोअरचा उजेड आला,
सोळा जणी उठलो.
काकू बसूनच राहिली.
पदरही घेतला नाही.

उजेड थोडा थांबला.
मग ड्रायव्हरनं दिवे घालवले
आणि अंधारात, चाचपडत,
ट्रॅक्टर पुढं नेला.